सोमवारची बाटली

ती सातवीत माझ्या वर्गात होती. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात मी तिला चुकून दोन गुण जास्त दिले होते. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाई, बेरीज चुकलीय. माझे दोन कमी करा." मी केले. ती "बरं" म्हणाली, वळली, आणि दारापर्यंत पोचायच्या आत रडायला लागली. त्या दोन गुणांनी तिचा पहिला नंबर गेला होता. गुण कमी करून घ्यायलाही तीच आली आणि रडलीही तीच. हिचं पुढे कसं व्हायचं, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं होतं.

आता ती बेचाळीस वर्षांची आहे आणि सगळा कारखाना तिला बाटलीताई म्हणतो.

कारखाना बुटांचा. चारशे माणसं. त्यातली चाळीस सोल्यूशन हॉलमध्ये बसतात. बुटाच्या कडेला ब्रशने सोल्यूशन फिरवायचं, जरा सुकू द्यायचं आणि खाली तळ दाबून बसवायचा, हे त्यांचं काम. सोल्यूशन घट्ट होऊ नये म्हणून त्यात थिनर असतो आणि तो दिवसभर उघड्या डब्यांतून उडत असतो. वास गोडसर. नव्या माणसाचं पहिला आठवडाभर डोकं दुखतं, मग त्याला वास येईनासा होतो. "नाक पास झालं," असं तिथे म्हणतात. हॉलला आठ खिडक्या आहेत, पण आठही रंगाने चिकटून बंद. उघडल्या तर बाहेरची धूळ ओल्या सोल्यूशनवर बसते आणि तळ सुटतात.

हा थिनर माणसाच्या अंगात जाऊन काय करतो, याचा अभ्यास तिथे दहा वर्षं चालू होता. अभ्यास करणारे डॉक्टर बाहेरच्या संस्थेचे. महिन्यातून एकदा यायचे, चहा घ्यायचे, वह्या बघायचे. बाकी सगळं काम बाटलीताईचं. कारखान्याच्या दवाखान्यात मागच्या बाजूला तिची प्रयोगशाळा होती: एक खिडकी, एक यंत्र, एक फ्रिज, आणि चाळीस नंबरांच्या चाळीस बाटल्या. थिनर श्वासातून आत जातो, शरीर त्याचं दुसरंच काहीतरी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. ते किती पडतं हे मोजलं की माणसाच्या अंगात किती गेलं ते कळतं. पाच ही हद्द. पाचाच्या खाली असेल तर चिंता नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता तिच्या खिडकीसमोर रांग लागायची. मी एकदा रक्तदाब बघून घ्यायला गेले होते तेव्हा तो कार्यक्रम पाहिला.

"ताई, आज दुकानात माल नाही."

"पाणी प्या दोन पेले आणि बाकावर बसा. माल येईल."

"ताई, मागच्या वेळचं परत मिळेल का? घरच्यांना दाखवायचं होतं."

"तुमच्या घरच्यांनी बरंच पाहिलंय, पुढे सरका."

बायका मात्र बाटली पदराआड धरून आणायच्या आणि तिच्या हातात देताना इकडेतिकडे बघायच्या. त्यांच्याशी ती काहीच बोलायची नाही, नुसती मान हलवायची. नंतर आकडे आले की प्रत्येकाला एकच उत्तर: "सगळं ठीक आहे." ते ऐकून माणसं हॉलमध्ये परत जायची.

तिचा नवराही त्याच हॉलमध्ये, सतरा नंबर. ती सगळ्यांची ताई, म्हणून तो सगळ्यांचा दाजी. वयाने वडील माणसंही त्याला दाजी म्हणतात. बोलायला कमी, हसायला बरा. संध्याकाळी कारखान्याच्या वसाहतीच्या फाटकातून आत येताना माझ्या दाराशी थांबून "बाई, काही आणायचंय?" एवढं विचारणार आणि मी नाही म्हटलं की पुढे जाणार. वीस वर्षं तेवढंच.

पाच वर्षांचं काम झाल्यावर डॉक्टरांचा एक निबंध छापून आला. निष्कर्ष असा की कामगारांच्या प्रकृतीस धोका आढळला नाही. शेवटच्या पानावर आभार होते, आणि त्यात "जिच्या काटेकोर नोंदींविना हा अभ्यास शक्य झाला नसता" असं म्हणून हिचं नाव होतं. दाजींनी त्या पानाला चौकट करून घेतली. ती त्यांच्या बाहेरच्या खोलीत घड्याळाखाली टांगलेली असायची. येणारा जाणारा विचारायचा, "हे काय हो?" आणि एरवी मुखदुर्बळ असलेले दाजी दहा मिनिटं सांगायचे.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी दाजी फाटकातून आत आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती.

"दाजी, चप्पल कुठे?"

त्यांनी खाली पाहिलं. "अरेच्चा," म्हणाले, "होती की."

चप्पल कारखान्याच्या रस्त्यावर, शे-दीडशे पावलं मागे पडली होती. खडीचा रस्ता. तेवढं अंतर ते अनवाणी पायाने खडीवरून चालत आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं.

ते चप्पल घेऊन परत आले तेव्हा हसत होते. "बुटांच्या कारखान्यातला माणूस अनवाणी! कुणाला सांगू नका, बाई." मी सांगितलं नाही. पण ती घरी आल्यावर तिने त्यांच्या तळव्यातला खडा काढला असणार. कारण दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, शर्टाची बटणं मी लावून देते त्यांची. तीन महिने झाले. मला वाटायचं, लाडात आलेत."

चार दिवसांनी ती पुन्हा आली. या खेपेला हातात घडी घातलेला एक कागद होता. यंत्रात जो द्रव घालतात त्याच्या खोक्यातला माहितीचा कागद, बारीक इंग्रजी अक्षरांचा. तिला इंग्रजी चांगलं येतं, माझ्याहून बरं. तरी म्हणाली, "बाई, हे खालचं तेवढं वाचून दाखवा."

मी चष्मा लावला. लिहिलं होतं की नमुना पाळीच्या शेवटी आणि कामाच्या आठवड्याच्या शेवटी घ्यावा. काम थांबल्यावर हा पदार्थ दोन दिवसांत शरीरातून बहुतेक निघून जातो.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिला अर्थ कळत नव्हता असं नव्हे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं तर वेगळा निघेल, अशी आशा असावी.

कारखाना शनिवार-रविवार बंद. सोमवारी सकाळी आठला माणूस येतो तेव्हा त्याचं अंग बासष्ट तास धुऊन निघालेलं असतं. दहा वर्षं ती धुतलेली माणसं मोजत होती.

"सोमवार कुणी ठरवला?" मी विचारलं.

"मी."

ती कारखान्यात यायच्या आधी एका मोठ्या इस्पितळात रक्त-लघवी तपासायची. तिथला पहिला नियम, नमुना सकाळचा, उपाशीपोटीचा, विश्रांती घेतलेल्या शरीराचा. तो तिच्या हाडीमासी भिनलेला. अभ्यास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठला वार सोयीचा? मुकादम म्हणाला, सोमवारी सोल्यूशनचे गार पडलेले डबे तापायला तास लागतो, तेव्हा माणसं रिकामीच असतात. आणि ही उत्साहाने म्हणाली, "सोमवार उत्तम, डॉक्टर. माणूस ताजा असतो, नमुना शुद्ध येईल." डॉक्टरांनी शाबासकी दिली होती. कुणाचं काही वाईट नव्हतं त्यात.

"आणि बाई, अजून आहे," ती म्हणाली. तिने पिशवीतून सहा वर्षांपूर्वीची वही काढली.

त्या वर्षी यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. ते परत आलं एका शुक्रवारी दुपारी. महिना वाया जाऊ नये म्हणून तिने त्याच संध्याकाळी पाळी सुटताना बाटल्या भरून घेतल्या. आकडे आले आठ, अकरा, नऊ, साडेबारा. तिला वाटलं, दुरुस्ती नीट झालेली नाही. मेकॅनिकला परत बोलावून यंत्र उघडायला लावलं. सोमवारी पुन्हा बाटल्या घेतल्या, आकडे एकाच्या आत. यंत्र सुधारलं म्हणून ती निश्चिंत झाली. शुक्रवारच्या पानावर पट्टी धरून लाल शाईची तिरपी रेघ मारलेली होती आणि खाली तिच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "यंत्र नादुरुस्त. नमुने बाद." खाली सही.

सतरा नंबरसमोर त्या दिवशी अकरा होते.

"सहा वर्षं, बाई," ती म्हणाली. या खेपेला ती रडली नाही. मला ते जास्त कठीण गेलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं दाजी घाबरतील. दाजी चिडले. त्यांचा चढलेला आवाज मी वीस वर्षांत त्या एकाच संध्याकाळी ऐकला.

"मग आता काय करणार? अनफिट लिहून देणार मला? मला दुसरं काय येतं? तळ बसवायला येतं."

"नसा जातायत तुमच्या. अजूनही काम थांबवलं तर परत येतात, सावकाश येतात. डॉक्टरांच्या पुस्तकात आहे."

"आणि हे क्वार्टर? हे कुणाचं? तुझं काम कुणाचं? तू उद्या उठून सांगणार, दहा वर्षं मी चुकले. मग तुला तिथे ठेवतील? दोघं एकदम बाहेर."

"मग गप्प बसू?"

दाजी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहत राहिले. जेवले नाहीत. सकाळी उठून कामाला गेले. आणि तीही गेली. जाणार कुठे? दोघांचा रस्ता एकच, या फाटकातून त्या फाटकापर्यंत.

पुढच्या शुक्रवारी पाळी सुटायच्या वेळी तिने कुणाला न विचारता खिडकी उघडली.

"ताई, आज शुक्रवार! वार विसरलात?"

"विसरले होते. आता आठवला. बाटली घ्या."

एकानेही नाही म्हटलं नाही. थकलेली माणसं, घरी जायची घाई, तरी रांग लागली. दाजी सगळ्यांत शेवटी आले. पण बाटली घेतली.

चाळिसांपैकी एकतीस माणसं पाचाच्या वर होती. दाजी तेरा.

डॉक्टर आले तेव्हा तिने दोन्ही पानं त्यांच्यासमोर ठेवली, नवं आणि रेघ मारलेलं. डॉक्टर वाईट माणूस नाहीत. केस पांढरे झालेत, आणि या अभ्यासावर त्यांचीही दहा वर्षं गेली आहेत. त्यांनी दोन्ही पानं वाचली.

"एक शुक्रवार म्हणजे अभ्यास नव्हे, ताई. एकशेवीस सोमवार आहेत आपल्याकडे."

"दोन शुक्रवार आहेत."

"हा दुसरा? यावर तुम्हीच लिहिलंय, यंत्र नादुरुस्त. सही तुमची."

"यंत्र ठीक होतं. चूक माझी होती. तसं लिहून देते."

"लिहून दिलंत की सगळ्या सोमवारांवर प्रश्न येईल. तुमच्यावर येईल. माझ्यावर तर येईलच."

तिने तिथेच बसून लिहून दिलं. अर्धं पान. डॉक्टरांनी ते खिशात घातलं, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी की पंधरा दिवसांनी ते रीतसर मंजुरी घेऊन परत आले. बारा शुक्रवार. तीच चाळीस माणसं, तेच काम, तोच हॉल. बारा झाले की अहवाल, आणि त्या अहवालावर हवा खेचणारे पंखे, दुसरं सोल्यूशन, जे काय व्हायचं ते.

"मध्ये काही बदलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसं बदलली, कामाची पद्धत बदलली, की आकड्यांना अर्थ राहत नाही. आणि आकडे कुणाला सांगायचे नाहीत, शेवटपर्यंत. काहीही फरक पडला तर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं."

आणि मग म्हणाले, "तुमच्या यजमानांचं मात्र बघता येईल. पॅकिंगला टाकायला सांगतो. एक नंबर कमी झाला तर चालेल."

ती आनंदाने घरी आली. दाजी बाहेरच्या खोलीत चपलेला मागून पट्टा शिवत बसले होते, घोट्यामागून धरून ठेवणारा, म्हणजे पुन्हा पडायला नको. सुई बोटांत धरवत नव्हती म्हणून त्यांनी ती पकडीत धरली होती.

"नको," ते म्हणाले.

"का नको?"

"एकोणचाळीस उरतील. ते म्हणतील, ताईने नवरा बाहेर काढला आणि आम्हाला मोजत बसली."

"म्हणू देत."

"मग बाटली देतील का तुला?"

मी त्या आठवड्यात पुष्कळ विचार केला. नवऱ्याला काढलं तर अभ्यास मोडतो. अभ्यास थांबवला तर हॉल कायमचा तसाच. अभ्यास चालू ठेवायचा तर दर शुक्रवारी नवऱ्याच्या अंगात किती विष गेलं ते आपल्या हाताने मोजायचं, वहीत नीट अक्षरात लिहायचं, आणि संध्याकाळी त्याच्या शर्टाची बटणं काढून द्यायची. ती तेच करत राहिली. एक शुक्रवार, दुसरा, तिसरा.

चौथ्या शुक्रवारी एका बाईने खिडकीशी विचारलं, "ताई, माझं कसं आहे?"

ती गप्प राहिली. नियमच होता.

पण दहा वर्षं "सगळं ठीक आहे" ऐकलेल्या माणसांना ते गप्प राहणं ऐकू गेलं. सातव्या शुक्रवारचे आकडे आले तेव्हा हॉलमधल्या पूर्वेकडच्या बाकावरच्या दहाजणांचे निम्मे झाले होते. दाजी तेरावरून सहावर. पहिला विचार आला की यंत्र बिघडलं. लाल पेन उचललंही होतं म्हणे. मग ठेवलं, नमुने पुन्हा तपासले. तेच आकडे.

"काय केलंत?" तिने घरी विचारलं.

"मी काही नाही केलं," दाजी म्हणाले. "बायकांनी केलं. चामडं कापायच्या रापीने रंग खरवडला. खिडकी वीतभर उघडते आता." आणि मग, "बरं वाटतं गं."

शनिवारी सकाळी ती वही घेऊन माझ्याकडे आली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं तर सोमवारी मुकादम वाचणार, वहीवर त्याचीही सही लागते. खिडकी त्याच दिवशी बंद होणार. नाही लिहिलं तर दहाजणांचे पाच शुक्रवार हलके जातील, आणि वही पुन्हा खोटी होईल.

"बाई, न लिहिता चालेल का?"

मला खरं सांगायचं तर म्हणायचं होतं, चालेल. मुली, चालेल. एका खिडकीने कुणाचं काय बिघडणार आहे? मी तोंड उघडलं, आणि तिच्या मांडीवरच्या वहीकडे माझं लक्ष गेलं.

"तू लिहिलंयस," मी म्हटलं.

तिने वही उघडून माझ्याकडे केली. "पूर्वेकडची खिडकी वीतभर उघडी. त्या बाकाचे आकडे निम्मे. यंत्र ठीक." खाली सही. मग ती रडली, सातवीत रडली होती तशीच, उभ्या उभ्या.

सोमवारी मुकादमाने खिडकीला दोन खिळे मारले. त्याचीही तळ सुटल्याच्या तक्रारींवरून बोलणी खाऊन झाली होती. बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आठव्या शुक्रवारी बाटल्या मात्र चाळीसच्या चाळीस आल्या, कारण दाजी रांगेत पहिले येऊन उभे राहिले. आकडे पुन्हा वर गेले. दाजी साडेबारा. तिने लिहिलं: "खिडकी बंद. आकडे पूर्ववत. यंत्र ठीक."

डॉक्टरांनी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. "हे कुणाला खोडता यायचं नाही," म्हणाले. तिने विचारलं, मग आता थांबूया का, एवढ्यावर अहवाल देता येईल का? ते म्हणाले, मंजुरी बाराची आहे.

परवा दहावा शुक्रवार होता. माझी औषधं आणायला मी दवाखान्यात गेले होते, पाळी सुटायची वेळ. दाजी खिडकीशी आले. चपलेचे दोन्ही पट्टे घट्ट. त्यांनी बाटली दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून आणली, कापलेल्या फळाच्या दोन फोडी जुळवून धराव्यात तशी, आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. झाकण लावायचं राहिलं होतं. त्यांनी ते उचलायचा एकदा प्रयत्न केला. झाकण फळीवर गरगरलं. दुसऱ्यांदा केला नाही.

तिने झाकण उचललं, बाटलीवर ठेवलं आणि फिरवून घट्ट केलं. मग पेनाने सतरा लिहिलं.

"पुढचे," ती म्हणाली.